कढीपत्त्यावरची अळी आणि वर्गातली पहिली तासिका

कृषी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहावयास जातात, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस गावच्या शाळेसाठी राखलेला असतो. हा दिवस कसा पार पडतो, हे विस्तारकार्यात असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. शाळेच्या ओट्यावर फलक बांधला जातो. मुख्याध्यापकांना पुष्पगुच्छ दिला जातो. एक कृषिदूत शेतीच्या महत्त्वावर दहा मिनिटे बोलतो, दुसरा माती परीक्षणावर पाच मिनिटे बोलतो, मग सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते आणि दोन दिवसांनी स्थानिक वृत्तपत्रात ‘कृषिदूतांचे शालेय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन’ अशी चार ओळींची बातमी येते. अहवालाला ते कात्रण जोडले की तो दिवस संपला. मुलांच्या हाती काय लागले हे कोणी विचारीत नाही, आणि त्या कृषिदूताच्या हाती काय लागले हे तर मुळीच नाही.

मी स्वतः या प्रकारात अनेक वर्षे सामील होतो, हे प्रथमच सांगून टाकतो. नव्याने विद्यावाचस्पती होऊन मराठवाड्यातील एका कृषी महाविद्यालयात रुजू झालो, त्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेत मी ‘कीटकांचे विश्व’ या विषयावर चाळीस मिनिटे बोललो होतो. संगणकावर चित्रे होती, कीटकांच्या गणांची नावे होती, प्रत्येक गणाची लक्षणे होती. माझ्या मते व्याख्यान उत्तम झाले. चहा घेताना मुख्याध्यापक अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, माहिती फार छान दिलीत. पण मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही. आमची मुलं एरवी इतकी गप्प बसत नाहीत.” हे वाक्य मला परतीच्या एस.टी.त बसल्यावर कळले.

पुढे मी राज्याबाहेरील एका संशोधन केंद्रात गेलो. तेथे निरनिराळ्या राज्यांतील पदवीपूर्व विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात, तर जुन्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांशीही संबंध राहिला. या दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेली काही वर्षे मी एक छोटा प्रयोग करीत आलो आहे. विज्ञान शिकणाऱ्या तरुणांनी अध्यापनाचा विचार करावा असे वाटत असेल, तर त्यांना अध्यापनाविषयी सांगण्याऐवजी एखाद्या वर्गासमोर, हाती जिवंत कीटक देऊन, उभे करावे, एवढाच तो प्रयोग. त्यातून काय दिसले, कोठे चुकले आणि विस्तार कार्यकर्त्यांना व जाणत्या शेतकऱ्यांना त्यात काय करता येईल, ते या लेखात मांडतो.

एका बरणीची गोष्ट

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी सातवीच्या वर्गावर तासिका घेणार होती. तिला मी कीटकांच्या जीवनक्रमासाठी लिंबावरील फुलपाखरू निवडावयास सांगितले. हे फुलपाखरू बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. मादी लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळसर गोल अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. लहान वयात ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट आणि पांढऱ्या डागांची दिसते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तिला काडीने हळूच डिवचले की डोक्यामागून लालसर नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. म्हणजे शाळेच्या एका सत्रात हा सगळा क्रम मुलांच्या डोळ्यांसमोर दोन-तीनदा घडू शकतो. ज्या घराच्या परसात कढीपत्ता आहे, त्या घरात ही प्रयोगशाळा आहेच. खर्च शून्य.

मुलांनी घरून अळ्या आणल्या. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून ठेवली. बाटलीच्या तोंडाशी कापूस बसवला, कारण तसे न केल्यास अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. बरणीवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. रोज सकाळी विष्ठा झाडून नवी डहाळी ठेवण्याचे काम दोन-दोन मुलांनी वाटून घेतले. फळ्यावर तारीख आणि अळीची लांबी लिहिली जाऊ लागली. माझी विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा जात असे आणि पुढील पायरी समजावीत असे. पुढच्या शनिवारी अळी कोषात जाईल आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येईल, असे तिने वर्गाला ठामपणे सांगून ठेवले होते.

शनिवारी ती शाळेत गेली तेव्हा एका बरणीतील मोठी अळी डहाळीला चिकटून निपचित पडली होती आणि तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्यांहूनही लहान असे पांढरट कोष गुच्छाने विणलेले होते. वर्गात गोंधळ उडाला होता. एका मुलीचे म्हणणे होते की अळीने अंडी घातली. एक मुलगा म्हणत होता की हे कोष बाहेरून कोणीतरी आत टाकले. ज्याच्या घरची अळी होती तो रडवेला झाला होता. आणि सगळे एकदम “ताई, हे काय झालं?” असे विचारीत होते.

तिने मला नंतर सांगितले की त्या क्षणी तिला वर्गातून पळून जावेसे वाटले. तिचे पाठ टिपण फुलपाखरापर्यंत तयार होते आणि या गुच्छाचा त्यात पत्ता नव्हता. परोपजीवी कीटकांचे प्रकरण तिने अभ्यासले होते, परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न लिहिलाही होता. परंतु पुस्तकातील ते प्रकरण आणि बरणीतील हा गुच्छ यांचा संबंध तिच्या मनात त्या वेळी जुळला नाही. ती फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, “मला माहीत नाही. आपण पाहू या.” मुलांनी कोष दुसऱ्या छोट्या बाटलीत ठेवले, तोंडाला कापड बांधले.

पाच-सहा दिवसांनी त्या कोषांतून मुंगीएवढ्या, काळ्या, पंखवाल्या माश्या बाहेर पडल्या. मुख्याध्यापकांनी फोन केला तेव्हा ती वसतिगृहात होती. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक बुडवून ती शाळेत गेली. (त्या प्रात्यक्षिकाची अनुपस्थिती मी लावली. नियम तो नियम.) हातभिंगातून पाहिल्यावर तिला उलगडा झाला. ही ब्रॅकोनिड कुळातील परोपजीवी गांधीलमाशी होती. तिने अळीच्या शरीरात अंडी घातली होती. तिची पिल्ले अळी जिवंत असतानाच आतून तिला खात वाढली आणि पूर्ण वाढ झाल्यावर बाहेर येऊन त्यांनी कोष विणले होते. हे ती वर्गाला सांगत असताना मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “ताई, म्हणजे ही माशी कपाशीवरच्या अळीलाही मारते का? मग बाबा फवारतात तेव्हा ही पण मरते?”

कीटकनाशकांचा मित्रकीटकांवर होणारा परिणाम हा विषय मी पंधरा वर्षे शिकवीत होतो. एवढ्या सरळ शब्दांत तो मला कोणी विचारला नव्हता. प्रश्नाचा पहिला भाग मात्र जपून हाताळावा लागतो. प्रत्येक परोपजीवी माशीचे भक्ष्य ठरलेले असते. लिंबावरील अळीत वाढणारी माशी कपाशीवरील बोंडअळीत वाढेलच असे नाही. त्या बोंडअळ्यांच्या वेगळ्या माश्या आहेत. तिने हे तसेच सांगितले आणि दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होय’ असे दिले.

त्या संध्याकाळी तिने मला विचारले, “सर, शाळेत शिकवायचं असेल तर पुढे काय करावं लागतं?”

अनुभव केव्हा द्यावा

विज्ञानाचा पदवीधर अध्यापनाकडे का वळत नाही, याची कारणे नवी नाहीत. कृषी पदवीधरासमोर स्पर्धा परीक्षा असतात, बँकांतील कृषी अधिकाऱ्याची पदे असतात, बियाणे व कीटकनाशक कंपन्यांची विक्री विभागातील नोकरी असते, नाहीतर पदव्युत्तर प्रवेशाची धडपड असते. शिक्षकी पेशा या यादीच्या तळाशी, ‘काहीच जमले नाही तर’ या सदरात असतो. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने वर्गात ‘मला शाळेत शिकवायचे आहे’ असे म्हटले तर मित्र हसतात, आणि खरे सांगायचे तर काही प्राध्यापकही हसतात. ज्यांनी स्वतः आयुष्यभर शिकवले त्यांनी शिकवण्याला हसावे, ही गोष्ट मला आजवर उमगलेली नाही.

तथापि माझ्या पाहण्यात आणखी एक साधे कारण आहे. आपण अध्यापनाचा अनुभव फार उशिरा देतो. शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्याला शालेय अनुभव मिळतो. २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमांनी ही पदवी दोन वर्षांची केली आणि तीत वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता ठेवली. पण तो अनुभव ज्याने आधीच शिक्षक व्हायचे ठरवले त्यालाच मिळतो. ज्याने ठरवलेलेच नाही, त्याला वर्गात उभे राहिल्यावर काय वाटते हे कळण्याची वाटच नसते. कृषी शाखेत ग्रामीण कार्यानुभव येतो तो शेवटच्या वर्षी. तोपर्यंत विद्यार्थ्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांची चळत लागलेली असते.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील केंद्राने १९९७ साली ‘यू-टीच’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो नेमका या उशिरावर होता. विज्ञान व गणिताची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीलाच एका लहानशा अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेत नेले जाई. विद्यार्थी जोडीने जात, अनुभवी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष पाठ घेत. आवडले तर पुढच्या अभ्यासक्रमात वरच्या इयत्तांवर जावे, नाही आवडले तर आपली मूळ पदवी चालू ठेवावी. ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांना चार वर्षांतच विषयाची पदवी आणि अध्यापनाची पात्रता दोन्ही मिळण्याची सोय होती. विज्ञान विद्याशाखा आणि शिक्षणशास्त्र विद्याशाखा यांनी हे काम मिळून केले, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे या दोन विद्याशाखांच्या इमारती एकाच आवारात असूनही प्राध्यापकांची ओळख नसते. हा कार्यक्रम पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलला.

आपल्या देशात याची आठवण करून देणारे काम त्याच्याही कितीतरी आधी झाले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र ग्रामीण केंद्र या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक असे लोक त्या खेड्यांत जाऊन शिक्षकांबरोबर बसले. मुले गटागटाने प्रयोग करीत, शेताशिवारात परिभ्रमणाला जात आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. १९७८ पासून तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. महाराष्ट्राशीही त्याचा एक धागा आहे. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता हे पुण्यातील वाहन कारखान्यात अभियंता असताना १९७८ साली रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले होते. एका वर्षाच्या त्या अनुभवाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, हे आपण सर्व जाणतोच.

शेतीशाळेने शिकवलेले

या अंकाच्या वाचकांना वर्गातील अशा अध्यापनाची पद्धत समजावून सांगण्याची मला गरज वाटत नाही, कारण ती त्यांनी शेताच्या बांधावर वापरलेली आहे. शेतीशाळेचा उगम इंडोनेशियात झाला. भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक अतिफवारणीने वाढतो हे लक्षात आल्यावर १९८६ मध्ये त्या देशाने भातासाठी वापरली जाणारी ५७ कीटकनाशके बंद केली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा भरवावयास सुरुवात केली. तेथील प्रशिक्षकाला एक शिस्त पाळावी लागे. शेतकऱ्याने किडा दाखवून ‘हा कोणता?’ असे विचारले तर लगेच नाव सांगावयाचे नाही. ‘तुम्हाला तो कोठे सापडला? तो काय करीत होता? किती होते?’ असे उलट विचारावयाचे. मावा असलेली फांदी आणि ढालकिड्याची अळी एका बरणीत ठेवून संध्याकाळपर्यंत मावा किती उरतो ते शेतकऱ्यालाच मोजू द्यावयाचे.

ज्या कृषी सहायकाला हे जमते त्याला शाळेतील तासिका जमते. ज्याला बांधावरही भाषणच करावेसे वाटते तो शाळेतही भाषण करतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना शाळेत नेण्याआधी एखाद्या चांगल्या शेतीशाळेत बसवतो. ढालकिड्याची अळी तर माझी आवडती कसोटी आहे. प्रौढ ढालकिडा लाल पाठीचा, ठिपक्यांचा, सर्वांना ओळखू येणारा असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबुडकी आणि मगरीच्या पिल्लासारखी खवलेदार असते. आईबापांशी तिचे काडीचे साम्य नसते. अनेक शेतकरी तिला कीड समजून मारतात. सहावीतील मुलाने एकदा ही अळी ढालकिड्यात बदलताना पाहिली की तो पुढे घरच्या माणसांनाही तिला मारू देत नाही, हे मी दोन-तीन घरांत पाहिले आहे. एवढ्यावरून मोठे अनुमान काढू नये, याची मला जाणीव आहे.

भाषेचाही एक धडा आमच्या विद्यार्थ्यांना येथेच मिळतो. माझ्या केंद्रावरील एक तेलुगू भाषक मुलगा हिंदी माध्यमाच्या शाळेत तासिका घेणार होता आणि त्याला कीटकांची हिंदी नावे येत नव्हती. मी त्याला नावे पाठ करू दिली नाहीत. त्याने किडा दाखवून ‘तुम्ही याला काय म्हणता?’ असे मुलांनाच विचारले. फळ्यावर एकाच किड्याची चार नावे जमली आणि आमच्या घरी असे म्हणतात, आजी तसे म्हणते, यावर वर्ग दहा मिनिटे रंगला. मराठी शाळेतही हेच होते. ज्वारीवर मावा पडला की आपला शेतकरी ‘चिकटा आला’ म्हणतो. पानावर पडणारा तो चिकट थर माव्याच्या शरीरातून येतो, हे सांगावयास त्या शब्दाइतका चांगला आरंभ दुसरा नाही.

सरासरीचे गणित

एक तासिका गणिताची झाली, ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. कापूस पट्ट्यातील शाळेत एका विद्यार्थ्याने शेजारच्या शेतातील कामगंध सापळ्यात रोज अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजावयास मुलांना लावले होते. पाच रात्रींच्या नोंदी आल्या त्या ५, ६, २४, ७ आणि ३. सातवीच्या मुलांनी बेरीज केली, ४५. पाचाने भागले, सरासरी ९. विद्यार्थ्याने सांगितले की प्रत्येक सापळ्यात ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी आहे. मुले एकसुरात म्हणाली, “ओलांडली! फवारायचं!”

विद्यार्थी घाईत होता. तोही ‘बरोबर’ म्हणणार होता. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “पण सर, चार दिवस तर आठपेक्षा कमीच आहेत ना?” आता त्याला आपलीच पाठ्यपुस्तकातील ओळ पूर्ण आठवली. ती पातळी सलग तीन रात्री, प्रत्येक सापळ्यात प्रतिदिन ८ पतंग अशी आहे. सरासरी ९ असली तरी सलग तीन रात्री कोठेच आलेल्या नाहीत. मग २४ हा आकडा आला कोठून? ज्या मुलाने त्या दिवशी मोजणी केली होती त्याने मान खाली घालून सांगितले की त्याने सापळ्यातले सगळेच पतंग मोजले होते, दुसऱ्या जातीचेही.

पाऊण तासात त्या वर्गाला सरासरी, तिची मर्यादा, नोंदीतील चूक आणि फवारणीचा निर्णय इतके सर्व मिळाले. त्या विद्यार्थ्याने पुढे अध्यापनाचा मार्ग धरला नाही. तो एका बँकेत कृषी अधिकारी आहे. ‘सर, वर्गात माझा जीव घाबरतो, मला हे रोज जमणार नाही’ असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. असे सांगता येणे हाही अशा अनुभवाचा उपयोगच आहे. वर्ग नकोसा असलेला माणूस केवळ नोकरी म्हणून तीस वर्षे वर्गात उभा राहिला, तर दरवर्षीच्या चाळीस-पन्नास मुलांचे काय होते, ते आपण पाहतोच.

काय करता येईल

जेथे शक्य असेल तेथे महाविद्यालयांनी हा अनुभव दुसऱ्या वर्षी द्यावा, असे माझे मत आहे. कीटकशास्त्राचा पाया शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला कीटक संग्रह करावाच लागतो. हा संग्रह अनेकदा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून पेटीसकट खाली येतो आणि काही फुलपाखरे चार-चार वर्षे परीक्षा देत राहतात, हे परीक्षकांनाही ठाऊक असते. त्यातील थोडे गुण एखाद्या शाळेतील दोन तासिकांना दिले तर पेट्यांचा हा वारसा आपोआप कमी होईल. विद्यार्थी जोडीने जावेत, कारण एक शिकवतो तेव्हा दुसरा मुलांचे चेहरे पाहू शकतो. पहिली तासिका संपल्यावर त्यांच्यासोबत अर्धा तास बसून बोलणारा कोणीतरी हवा. हे काम प्राध्यापकापेक्षा शाळेतील अनुभवी शिक्षक अधिक चांगले करतात. आमच्या विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी सूचना एका चौथीच्या शिक्षिकेने दिली होती, “प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आठव्या आकड्याला हात वर येतो.”

विस्तार कार्यकर्त्यांच्या हाती एक दार आधीच उघडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे आणि त्या काळात मुलांनी स्थानिक कुशल माणसांकडून काम शिकावे असे म्हटले आहे. गावच्या शाळेला अशी माणसे हवी असतात आणि कोणाला बोलवावे हे तिला सुचत नाही. रोपवाटिका चालवणारा, मधमाश्या पाळणारा, ट्रायकोकार्ड लावणारा शेतकरी हा त्या दिवसांचा शिक्षक होऊ शकतो. त्याच्याबरोबर दोन कृषिदूत पाठवावेत. त्यांनी शेतकऱ्याचे काम पाहून मुलांच्या प्रश्नांना वाट करून द्यावी. फलक आणि पुष्पगुच्छ त्या दिवशी नसले तरी चालेल.

बरण्यांच्या प्रयोगासाठी पाऊस स्थिरावल्यानंतरचे महिने उत्तम. लिंबूवर्गीय झाडांना नवी पालवी असते आणि अळ्या सहज मिळतात. बरणी उन्हात ठेवू नये, पाने ओली असता आत घालू नयेत, नाहीतर बुरशी येऊन अळ्या मरतात. फवारलेल्या बागेतील पाने मुळीच आणू नयेत. केसाळ अळ्यांना मुलांनी हात लावू नये, हे पहिल्याच दिवशी सांगावे. आणि फुलपाखरू बाहेर आले की ते सोडून द्यावे. टाचणीला लावण्याचे वय पुढे येते.

ज्या विद्यार्थ्याला यातून खरोखरच शिक्षक व्हावेसे वाटेल, त्याला मात्र वस्तुस्थिती लपवून ठेवू नये. शिक्षणशास्त्राची पदवी दोन वर्षांची, त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, त्यानंतर भरतीची प्रतीक्षा. कृषी पदवीधराला शाळेत कोणत्या विषयाचा शिक्षक मानावे याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ते पदवीच्या तिसऱ्या वर्षीच नीट पाहून घ्यावेत आणि गरज असल्यास विज्ञानातील पदव्युत्तर पर्यायांचाही विचार करावा. खासगी शाळांतील कंत्राटी पगार अनेक ठिकाणी इतका कमी असतो की तो सांगावयास संकोच वाटतो. हे सर्व माहीत असूनही ज्याचे पाऊल वळते, त्याला आपण मदत करावी.

बरणीवाल्या विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले होते. तीन एकर कोरडवाहू, एक मुलगी, एक मुलगा. मुलीची एका कंपनीत निवड झाली होती आणि ती नोकरी नाकारून शिक्षणशास्त्राला प्रवेश घ्यावयाचा तिचा विचार होता. ते म्हणाले, “साहेब, तुम्हीच हे तिच्या डोक्यात घातलं. आता तुम्हीच सांगा, दोन वर्षं घर कसं चालवू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. माझे वेतन दरमहा नियमित जमा होते, आणि असा माणूस दुसऱ्याच्या मुलीला त्यागाचा उपदेश करू लागला की त्याने थोडे थांबावे, असे मला वाटले. मी त्यांना एवढेच म्हणालो की मी तिला वर्गात पाहिले आहे, तुम्हीही एकदा पाहा. ते गेले. शाळेच्या खिडकीबाहेर उभे राहून त्यांनी अर्धी तासिका पाहिली. परत येऊन त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. तिने एक वर्ष ती नोकरी केली, पैसे साठवले आणि मग प्रवेश घेतला.

आता ती एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. शाळेमागच्या बेलाच्या झाडावरून मुलांनी अकरा अळ्या आणल्या आहेत, एकीच्या पाठीवर काहीतरी पांढरे दिसते आहे, आणि शाळेत हातभिंग एकच आहे. दहा पाठवता येतील का, असे ती विचारत होती. आठ पाठवली आहेत. उरलेली दोन येत्या महिन्यात जातील.